शनवार तेल्यांचें ताट

मांस खावें कीं न खावें, हा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत वरचेवर निघतो, आणि बहुतकरून तो वांकड्या वाटेनें निघतो. प्रीतिभोजनाची तयारी चालली असतां कोणी म्हणतो कीं, मांसाचें ताट हीच आपल्या मोकळेपणाची खूण होय. दुसरा म्हणतो कीं, जो भाजीपाला खातो तोच स्वभावानें दयाळू. दोघेही आपापल्या ताटाची बाजू घेऊन बोलत असतात. पवित्र शास्त्रांतील अन्नाचे नियम ज्या लोकांस प्रथम मिळाले त्यांनीं ते कसे पाळले, आणि त्यांच्यांतील कित्येक विचारी पुरुष मांसाच्या मुभेंतूनच शाकाहारापर्यंत कसे पोंचले, हें पाहिलें असतां या वादाचें स्वरूप पालटतें. याकरितां यरुशलेमेस जाण्याचें कारण नाहीं. ते लोक कोंकणच्या किनाऱ्यावर शेंकडों वर्षें मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत, आपल्या शेजारीं राहिले. ते स्वतःस बेने-इस्राएल म्हणवितात. जुन्या लोकांच्या तोंडीं त्यांचें नांव शनवार तेली असें असे.

प्रथम आपल्या भोंवतालीं पाहूं. भिवंडी हें विणकरांचें गांव. कोंकणी मुसलमान तेथें फार पूर्वींपासूनचे. १८५७ च्या बंडानंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले, आणि हातमागाच्या जागीं पुढें यंत्रमाग खडखडूं लागले. बाजारपेठेंत गुजराती व मारवाडी जैन आहेत. भोंवतालच्या गांवांत आगरी, कुणबी, कोळी, वारली व कातकरी आहेत. कामवारी नदीच्या अल्याडपल्याड इतकीं निरनिराळीं ताटें मांडलेलीं असतात कीं, त्यांवरून माणसाची पारख करण्याची संवय लागावी यांत नवल नाहीं. जैन गृहस्थ कांदा-बटाटाही वर्ज्य मानतो. आगऱ्याच्या घरीं मासळीवांचून जेवण होत नाहीं, परंतु त्याच घरांतील म्हातारा पंढरीची माळ घालतो आणि सुकटीचा वासही त्यास नकोसा होतो. मोमीन विणकर हलाल असल्याची खात्री करून मांस घेतो. या सर्वांमध्यें एक गोष्ट आमच्या देशांत फार जुनी आहे, ती ही कीं, ताटावरून माणसाची पायरी ठरते. कोण काय खातो यावरून तो उंच कीं नीच हें लोक सांगतात. मेलेल्या जनावराचें मांस खाण्याचा जो कलंक गरीब महार बांधवांच्या माथीं मारला गेला, आणि जें खाणें सोडण्याविषयीं डॉक्टर आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाडास उपदेश केला, त्याची आठवण आमच्या पुष्कळ कुटुंबांत अद्याप ताजी आहे.

मोशेच्या नियमशास्त्रांतील अन्ननियम वाचतांना ही देशी संवय बाजूस ठेविली पाहिजे. तेथेंही शुद्ध व अशुद्ध हे शब्द आहेत खरे. परंतु ते शब्द जनावरांस लावले आहेत, माणसांच्या जातींस नव्हेत. याजक, राजा, शेतकरी व मोलकरी या सर्वांस तेंच मांस वर्ज्य व तेंच ग्राह्य. डुक्कर न खाणारा इस्राएली स्वतःस डुक्कर खाणाऱ्या इस्राएल्याहून जन्मानें वरचढ समजत नाहीं. तो त्यास नियम मोडणारा समजतो इतकेंच. हा भेद लहान दिसतो, पण तसा तो नाहीं.

आतां वाचकांनीं आपलें शास्त्र उघडावें. उत्पत्तीच्या १ ल्या अध्यायांतील २९ वें व ३० वें वचन काढा. तेथें देव आदिपुरुषास व पशुपक्ष्यांस अन्न नेमून देतो. तें अन्न बीज देणाऱ्या वनस्पति, झाडांचीं फळें आणि हिरवा पाला इतकेंच आहे. मांसाचें नांव नाहीं. मनुष्यास पशूंवर सत्ता दिली आहे ती त्याच्या लगेच आधींच्या वचनांत. म्हणजे सत्ता दिल्यानंतर लागलेंच सांगितलें कीं, तुझें भोजन हें. सत्ता म्हणजे खाण्याचा हक्क, असा अर्थ करण्याची आम्हांस फार घाई असते. तो अर्थ त्या पानावर सांपडत नाहीं. मग ९ वा अध्याय काढा. जलप्रलय होऊन गेला आहे, पृथ्वी जुलमानें भरली होती म्हणून ती धुवून निघाली आहे, आणि नोहाला प्रथमच मांसाची मोकळीक मिळते. पण ती मिळतांच तिला दोरी बांधलेली आहे : रक्त, जें प्राण होय, तें खावयाचें नाहीं. यहूदी भाष्यकार येथें थांबून विचार करितात कीं, जी गोष्ट आदामास दिली नाहीं ती नोहास कां दिली? कित्येकांचें मत असें पडलें कीं, ही देणगी नसून माणसाच्या दुर्बळपणासाठीं केलेली सवलत आहे.

पुढें लेवीय ११ व अनुवाद १४ या अध्यायांत यादी येते. खूर दुभंगलेला असून जें रवंथ करितें तें जनावर चालतें. ज्या जलचरांस पर व खवले दोन्ही असतात ते चालतात. शिकारी पक्षी चालत नाहींत. या निवडीचें कारण शास्त्रांत दिलेलें नाहीं, आणि आम्हीही तें बनवूं इच्छीत नाहीं. उष्ण देशांत डुकराचें मांस लवकर नासतें म्हणून तें वर्ज्य केलें, असें शाळेंतील पोरेंही सांगतात. परंतु मासा डुकराच्याही आधीं नासतो, आणि तो मात्र ग्राह्य आहे. येवढें ध्यानांत यावें कीं, साऱ्या यादींत एकही भाजी, एकही धान्य, एकही फळ जातीनें अशुद्ध म्हणून सांगितलेलें नाहीं. सर्व बंधनें आहेत तीं प्राण असलेल्या अन्नावर. जो भाकरी व भाजी खातो त्यास या यादीपुरतें विचारण्यासारखें कांहींच उरत नाहीं.

यादीशिवाय इतर लहान लहान आज्ञा इकडेतिकडे विखुरलेल्या आहेत, आणि त्यांतच या शास्त्राचें हृदय आहे असें आम्हांस वाटतें. गाय किंवा मेंढी आणि तिचें पिलूं एकाच दिवशीं कापूं नये, ही लेवीय २२ व्या अध्यायांत. पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली पक्षीण सांपडली तर तिला आधीं सोडून द्यावें, ही अनुवादाच्या २२ व्यांत. आणि नवल असें कीं, या येवढ्याशा आज्ञेला दीर्घ आयुष्याचें वचन जोडलेलें आहे. करडूं त्याच्या आईच्या दुधांत शिजवूं नये, ही तर तीन ठिकाणीं आली आहे. मळणीच्या बैलाच्या तोंडास मुसकी बांधूं नये. बैल व गाढव एका नांगरास जुंपूं नये. शब्बाथाच्या दिवशीं बैलासही विसांवा द्यावा. मैमोनिदेस या नांवानें प्रसिद्ध असलेला बाराव्या शतकांतील महान् पंडित रब्बी मोशे बेन मैमोन याने आई व पिलांविषयींच्या आज्ञेवर लिहितांना असें प्रतिपादन केलें कीं, पिलूं डोळ्यांदेखत मारलें गेलें असतां जनावराच्या आईस होणारें दुःख आणि मनुष्याच्या आईस होणारें दुःख यांत अंतर नाहीं. कारण लेंकराची माया ही बुद्धीपासून निघत नाहीं, ती प्राणिमात्रांत सारखीच आहे. हा लेखक स्वतः वैद्य होता व मांस खाण्याची मुभा मानणारा होता, म्हणून त्याच्या या बोलण्यास अधिक वजन आहे.

तलमूद ग्रंथांत दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या रब्बी यहूदाविषयीं एक गोष्ट आहे. वासरूं कापावयास नेत असतां तें धांवत येऊन रब्बीच्या वस्त्रांत डोकें खुपसून हंबरूं लागलें. रब्बीनें त्यास म्हटलें कीं, जा, तूं याचसाठीं निर्माण झालास. त्या शब्दांत दया नव्हती म्हणून त्याजवर दुखणें आलें, तें तेरा वर्षें राहिलें. पुढें एके दिवशीं त्याची दासी घर झाडतांना मुंगसासारख्या प्राण्याचीं पिलें बाहेर फेंकूं लागली असतां तो म्हणाला, राहूं दे त्यांस. आणि दुखणें हटलें. या गोष्टींत वासरूं कापणें हा गुन्हा म्हटलेला नाहीं. तें कापलें जाणारच होतें. शिक्षा झाली ती कोरड्या उत्तराबद्दल. नियमानें दिलेली मुभा हें दयेच्या प्रश्नाचें उत्तर होऊं शकत नाहीं, हें जुन्या रब्बींनीं ओळखलें होतें.

येथवर शास्त्राचा धडा झाला. आतां तो कोंकणांत कसा पाळला गेला तें पाहूं.

बेने-इस्राएल लोकांची परंपरा अशी आहे कीं, त्यांचे पूर्वज येत असलेलें जहाज अलिबागेजवळ नवगांव येथें फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांपासून हा समाज वाढला. त्यांचे ग्रंथ समुद्रांत गेले. गांवोगांव विखरून त्यांनीं तेल गाळण्याचा धंदा धरला, व गांवांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, किहीमकर अशीं आडनांवें घेतलीं. घाण्याचा बैल शनिवारीं सोडलेला असे, म्हणून ते शनवार तेली. महादेवाच्या वारीं घाणा बंद ठेवणारे हिंदु तेली ते सोमवार तेली. शब्बाथाची आज्ञा येथें बैलाच्या मानेवरून लोकांस कळली, ही गोष्ट आम्हांस फार सुंदर वाटते. ज्यांजवळ पुस्तक राहिलें नव्हतें त्यांजवळ सुंता, शनिवार, शमा हें एक प्रार्थनावाक्य आणि ताटाचा नियम इतकें राहिलें.

ताटाच्या नियमाविषयीं त्यांच्यांत एक कथा प्रसिद्ध आहे. दाविद राहाबी नांवाचा एक विद्वान् यहूदी कोंकणांत आला. हे लोक खरोखर इस्राएलाचे कीं काय अशी त्यास शंका होती. त्यानें त्यांच्या स्त्रियांपुढें मिश्र मासळी ठेवून ती रांधावयास सांगितलें. स्त्रियांनीं पर व खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे आमच्यांत खात नाहींत म्हणून बाजूस सारले. राहाबीची खात्री पटली व तो त्यांस शिकवूं लागला. तो कोणत्या शतकांत आला याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. परंतु कथेचा मुद्दा तारखेवर अवलंबून नाहीं. पुरुषांस धर्माचे प्रश्न विचारले नाहींत, ग्रंथ दाखवा असें म्हटलें नाहीं; चुलीपुढच्या बायकांच्या हातांची परीक्षा घेतली, आणि ते हात चुकले नाहींत.

हा नियम कोंकणांत पाळणें म्हणजे काय, हें समुद्रकांठच्या वाचकास सांगावयास नको. कोळंबी गेली, चिंबोऱ्या गेल्या, तिसऱ्या व माकुल गेलें, मुशी, वाम, पाकट, शिंगाळा हेही गेले. पावसाळ्यांत होड्या बंद होऊन बाजारांत ओली मासळी मिळेनाशी झाली म्हणजे गरिबाचें जेवण जवळ्यावर व सुकटीवर चालतें. तीही नियमाप्रमाणें गेली. शेजारच्या घरांतून सुकें भाजल्याचा वास येत असतां वालाच्या बिरड्यावर भात खाणें, हा गरीब तेल्याचा रोजचा धर्म होता. राजवाड्यांतील दानीएलास दहा दिवस भाज्या व पाणी यांवर राहून परीक्षा द्यावी लागली. या लोकांस अशी परीक्षा दरसाल चार महिने द्यावी लागत असे.

दुधाचा नियम मात्र कोंकणी चुलीवर सहज सुटला. मांसाबरोबर दूध, दही व तूप चालत नाहीं. पण येथें परसांत नारळ आहे. मांसाच्या रश्श्यास नारळाचा रस घालावयाचा, आणि नव्या वर्षाच्या सणास गव्हाच्या चिकाचा हलवा करावयाचा तोही नारळाच्या दुधांत. यरुशलेमेहून आलेली आज्ञा व अष्टागरांतील माड यांचा इतका चांगला मेळ बसला कीं, परक्यास ती केवळ चवीची रीत वाटावी.

यांहून महत्त्वाची गोष्ट गोमांसाची. मोशेच्या नियमाप्रमाणें गाय-बैल हीं शुद्ध जनावरें आहेत. तरी बेने-इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या गोमांस खात नसत. याचें कारण सामान्यतः असें सांगतात कीं, हिंदु शेजाऱ्यांच्या मनास तें लागतें म्हणून त्यांनीं तें सोडलें. येथें नियम काय सांगतो आणि शेजार काय मागतो हे दोन निराळे प्रश्न झाले, आणि त्यांनीं दोहोंचीं उत्तरें निराळीं दिलीं. गोमांस अशुद्ध आहे असें ते म्हणाले नाहींत. आम्हांस मुभा आहे म्हणून आम्ही खाणारच असेंही म्हणाले नाहींत. करिंथकरांस लिहितांना पौलानें मूर्तीच्या नैवेद्याविषयीं जो मार्ग दाखविला, कीं माझ्या खाण्यानें भावास अडखळण होत असेल तर मी मांसच सोडीन, तो मार्ग हे तेली पौलाचें नांव न ऐकतां चालत होते. 

पुढें १७९६ सालीं मुंबईस समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सामुएल यहेज्केल दिवेकर, यांनीं पहिलें सभास्थान बांधिलें; त्यास मराठींत मशीदच म्हणत. मिशनऱ्यांच्या शाळांतून या समाजाचीं मुलें शिकूं लागलीं, आणि डॉक्टर जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं त्यांच्यासाठीं मराठींतून हिब्रू व्याकरण लिहिलें. जे ग्रंथ समुद्रांत गेले होते त्यांतील वचनें त्यांस पुन्हां, आणि पुष्कळशीं मराठींत, वाचावयास मिळालीं. ज्या समाजाचे हात शेंकडों वर्षें नियम जाणत होते त्याच्या डोळ्यांस तो नियम छापलेला दिसला. यांतून एक अडचणही निघाली. आतां मांस कापण्याच्या विधीचे बारीक नियम ठाऊक झाले, व ते पाळणारा शिकलेला मनुष्य पाहिजे झाला.

हा विधि थोडक्यांत असा. कापणाऱ्यास परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. सुरीला नखाएवढीही खोंच असतां कामा नये. ती आधीं व नंतर बोट फिरवून तपासतात, आणि खोंच आढळली तर तें मांस बाद. गळ्यावर न थांबतां, न दाबतां एकच फेर मारावयाचा. मग फुप्फुसें तपासावयाचीं. पक्ष्याचें रक्त मातीनें झांकावयाचें. मांस अर्धा तास पाण्यांत व एक तास मिठांत ठेवून रक्त काढून टाकावयाचें. इतकें सारें ज्या गांवांत होऊं शकत नाहीं, तेथें नियम पाळणाऱ्या इस्राएल्यापुढें खवल्याची मासळी, अंडीं आणि भाजी येवढेंच राहतें. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र झाल्यावर बहुतेक बेने-इस्राएल तिकडे गेले, आणि आज भारतांत उरलेले कांहीं हजार लोक मुख्यतः मुंबई व ठाणें या बाजूस आहेत. ठाण्यास १८७९ साली बांधिलेलें शआर हश्शामाईम, म्हणजे स्वर्गाचें द्वार, हें सभास्थान आहे. भिवंडीहून तें दूर नाहीं. परंतु परवान्याचा कापणारा मनुष्य थोडक्याच ठिकाणीं असतो, आणि म्हणून प्रवासांत किंवा एकट्यादुकट्या घरीं नियम पाळणारे पुष्कळजण शाकाहारीच राहतात. जैन व ब्राह्मण शेजाऱ्यांसाठीं चाललेली खाणावळ त्यांस बिनबोभाट सोयीची पडते. सरकारी नियमानें खाण्याच्या पुड्यांवर जो हिरवा ठिपका छापतात, तो छापणाऱ्यांच्या मनांत मोशे नव्हता. पण त्या ठिपक्याकडे पाहून पुडा उचलणारांत त्याचे लोकही आहेत.

सोय म्हणून शाकाहार, हें एक. आणि तत्त्व म्हणून शाकाहार, हें दुसरें. यहूदी लोकांत हें दुसरेंही आहे, व तें अलीकडचें खूळ नव्हे. मंदिर पडल्यावर उत्सवाचा आनंद मांसानेंच झाला पाहिजे असें नाहीं, तो द्राक्षारसानें होतो, असें मत तलमूदांत आहे. वल्हांडणाच्या ताटांत दोन शिजविलेले पदार्थ असावे अशी रीत. ते मांसाचे असावे असें कित्येक म्हणत, पण रब्बी हूना याने बीट व भात हेही चालतील असें सांगितलें. भाताचें नांव ऐकून आमच्या कोंकणी वाचकांस हंसूं येईल. युरोपांतील यहूदी त्या सणांत भातास शिवतही नाहींत.

या विचाराचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता रब्बी अब्राहाम इसहाक कूक. ते १८६५ सालीं जन्मले, १९२१ सालीं पॅलेस्टाइनांतील युरोपीय यहूद्यांचे पहिले मुख्य रब्बी झाले व १९३५ सालीं वारले. त्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या लेखांतून हा विचार मांडला, आणि त्यांचे शिष्य दाविद कोहेन, जे स्वतः मांस खात नसत, यांनीं ते लेख पुढें एकत्र केले. कूक यांचें म्हणणें असें : एदेनांतील आहार हा मनुष्याचा खरा आहार, आणि यशयाच्या ११ व्या अध्यायांतील शांतीच्या राज्यांत तोच परत येणार. मधल्या काळासाठीं मांसाची सवलत आहे, आणि अन्ननियम हे त्या सवलतीस टोंचणारे कांटे आहेत. रक्त झांकावयाचें तें लाज वाटावी म्हणून. दूध व मांस वेगळें ठेवावयाचें तें गायीचें दूध वासराचें आहे हें विसरूं नये म्हणून. अशा रीतीनें नियम मनुष्यास हळूहळू सुरीपासून दूर नेतो.

येथें कोणी म्हणेल, मग त्यांनीं सर्वांस मांस सोडण्याची आज्ञा कां केली नाहीं? त्यांनीं केली नाहीं. उलट, घाई करूं नये असा इशारा दिला. माणूस माणसाशीं वैर करीत असतां पशूंविषयींच्या दयेचा देखावा मांडूं लागला, तर ती दया वांकडी वाढते; जो शेजाऱ्याचा गळा दाबतो तो कोंबडीची कींव करून आपलें मन शांत करून घेतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

हा इशारा निराधार नव्हता. स्वित्झर्लंडांत १८९३ सालीं लोकमत घेऊन यहूदी पद्धतीनें जनावर कापण्यास बंदी झाली. बोलणें प्राण्यांच्या दुःखाचें होतें, व कित्येकांच्या मनांत तें खरेंही असेल. परंतु त्यामागें यहूद्यांचा द्वेष किती होता हें इतिहासकारांनीं दाखविलें आहे. १९३३ च्या एप्रिलांत, हिटलर सत्तेवर येऊन तीन महिने होतात न होतात तों, जर्मनींत तशीच बंदी घालण्यांत आली. ज्या राज्यानें पशूंच्या वेदनांची येवढी काळजी वाहिली, त्याच राज्यानें पुढें साठ लाख यहूदी माणसें मारिलीं. यावरून पशुदया खोटी ठरत नाहीं. इसहाक बाशेविस सिंगर, ज्यांस १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, ते पोलंडांतील रब्बीचे पुत्र. त्यांचे स्वकीय त्या संहारांत गेले, आणि उतार वयांत ते मांस सोडून राहिले. दोन्ही गोष्टी एकाच शतकांतल्या आहेत. आमच्याकडेही मुंबईंत मासळी रांधणाऱ्यास भाड्यानें खोली मिळूं नये, असे प्रकार होतात. तेथें दया किती व तिरस्कार किती, हें ज्याचें त्यानें पाहावें. आमचें मत विचाराल तर, ज्या शाकाहारानें शेजारी जिन्यावरून खालीं उतरविला जातो तो उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांतला नव्हे.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांवर मोशेच्या यादीचें बंधन नाहीं. यापोंतील घराच्या धाब्यावर पेत्रानें पाहिलेली चादर त्यांस ठाऊक आहे, आणि रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायांत, खाणाऱ्यानें न खाणाऱ्यास तुच्छ लेखूं नये व न खाणाऱ्यानें खाणाऱ्याचा न्याय करूं नये, हा निवाडा दिलेलाच आहे. तरी प्रेषितांच्या यरुशलेमांतील सभेनें विदेशी विश्वासणाऱ्यांसही रक्त व गळा दाबून मारलेलें वर्ज्य करावें असें लिहून पाठविलें होतें, हें आपण फार लवकर विसरलों. रक्ताची ती जुनी दोरी त्यांनीं एकदम तोडली नाहीं.

सध्यां यहूदी पंडितांपुढें जो वाद आहे तो कोंबडीचा. सुरीला खोंच नाहीं, परवाना आहे, मीठ लावलें आहे. पण ती कोंबडी जन्मभर पंख पसरतां येणार नाहीं अशा पिंजऱ्यांत राहिली असेल तर? अंड्यांसाठीं वाढविलेल्या जातींतील नर पिलें उबवणींतून निघालेल्या दिवशींच मारून टाकितात. आई व पिलूं यांविषयींची आज्ञा गायी-मेंढ्यांची आहे, ती येथें शब्दशः लागत नाहीं. कित्येक रब्बी म्हणतात, कापणें नियमाप्रमाणें झालें कीं अन्न शुद्ध. बाकीचा दोष पाळणाऱ्याचा. दुसरे म्हणतात, प्राण्यास विनाकारण पीडा न देणें हाही नियमच आहे, तो मोडून मिळालेलें मांस ताटांत कसें घ्यावें? १९७३ पासून १९८३ पर्यंत इस्राएलाचे मुख्य रब्बी असलेले श्लोमो गोरेन शाकाहारी होते.  गालीलांत अमीरीम नांवाचें एक गांव १९५८ सालीं वसलें, तेथील रहिवाशांनीं गांवच शाकाहारी ठेविलें. निकाल लागलेला नाहीं, आणि तो परवाना पाहून लागण्यासारखाही नाहीं. भिवंडीच्या नाक्यावर जाळीच्या गाडींतून उलट्या टांगलेल्या कोंबड्या उतरवून घेतांना ज्यानें पाहिल्या असतील, त्यास हा वाद परक्या लोकांचा वाटूं नये.

बेने-इस्राएल लोकांच्या घरीं या वादाहून जुन्या दोन रीति आहेत. एक, मंदिराच्या नाशाचा उपास. तो ते बिरड्याचा रोजा या नांवानें ओळखत, कारण त्या शोकाच्या दिवसांत मांस बाजूस ठेवून मोड आलेल्या वालांचें बिरडें केळीच्या पानावर वाढीत. दुसरी, मलिद्याची. मूल झालें, लग्न ठरलें, दुखणें बरें झालें, नवस फिटला म्हणजे एलियाहू हन्नबी याचें स्मरण करून मलिद्याचें ताट मांडतात. अलिबागेजवळ खंडाळें येथें एका खडकावर त्या संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे असें ते मानतात, व तेथेंही नवस फेडावयास जातात. आनंदाचा येवढा मोठा विधि, पण त्यांत सुरी नाहीं. भिजविलेले पोहे, त्यांत खोवलेला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, आणि वर निरनिराळीं फळें. झाडाच्या फळास एक आशीर्वाद, जमिनींतून उगवलेल्यास दुसरा, सुवासास तिसरा. मलिदा हें नांवही त्यांचें एकट्यांचें नाहीं. भिवंडीचे मुसलमान तें जाणतात. प्रार्थना हिब्रूंत होते, बोलणें मराठींत चालतें, आणि ताट फिरूं लागलें म्हणजे त्यांत माळ घातलेल्या आगऱ्यास, बाजारांतील जैनास, मोमीन विणकरास किंवा आमच्या मंडळींतील कोणास वगळावें लागेल असा एकही जिन्नस नसतो.